धावपट्टीचं भाडं



गोवा मुक्तिलढ्यातल्या सत्याग्रहींच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेत अटलांटिक महासागरातल्या एका विमानतळावर व्याख्यान ठेवलेलं पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. सत्याग्रहाबद्दल बोलण्याचा माझ्याहून कितीतरी मोठा अधिकार असलेली माणसं या व्यासपीठावर बोलून गेली आहेत. मी त्या लढ्याच्या दुसऱ्या टोकाकडे जाणार आहे. बांद्याहून पत्रादेवीच्या दिशेने निघालेल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला जगाच्या राजकारणात एवढं अभय कुठून मिळत होतं? त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण डांबराचं होतं. ते गोव्यापासून हजारो किलोमीटरवर होतं आणि त्याचं नाव लाजेस.

पोर्तुगालच्या पश्चिमेला साधारण दीड हजार किलोमीटरवर, भर समुद्रात, अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत. त्यांतल्या तेर्सेइरा बेटावर लाजेसचा हवाई तळ आहे. अमेरिकेतून निघालेल्या विमानाला युरोपात, भूमध्य समुद्रात किंवा आखाताकडे जायचं असेल, तर मध्ये टेकायला एवढी सोयीची दुसरी जागा नाही. पोर्तुगालकडे पैसा नव्हता, मोठं सैन्य नव्हतं, पण ही जागा होती. आंतरराष्ट्रीय राजकारणात गरीब देशाच्या हाती कधीकधी नकाशा हाच हुकमाचा पत्ता असतो.

परक्याच्या विमानतळाचा लष्करी वापर हवा असेल तर वाटाघाटीच्या टेबलावर काय काय येतं? कोणत्या जातीची विमानं, किती आणि कशासाठी. परवानगी एकदाच द्यायची की प्रत्येक उड्डाणाला स्वतंत्र. तळावर झेंडा कोणाचा आणि हुकूम कोणाचा. पाहुण्या सैनिकाने गावात गुन्हा केला तर खटला कोणत्या कोर्टात. बांधलेल्या इमारती आणि इंधनाच्या टाक्या मुदत संपल्यावर कोणाच्या. नोटीस किती दिवसांची. ही सगळी कलमं महत्त्वाची, आणि त्यांच्यावर महिनोन्‌महिने घासाघीस होते. लाजेसवर आजही यजमान पोर्तुगीज हवाई दल आहे आणि अमेरिकन पथक पाहुणं आहे, ते या घासाघिशीमुळेच.

मोबदलाही असतो. कधी रोख रक्कम, कधी शस्त्रं, कधी स्वस्त कर्ज. पण मला आज बोलायचं आहे ते एका वेगळ्या मोबदल्याबद्दल. तो बहुधा करारात नसतो, असला तर एखाद्या पत्रातल्या एका वाक्यात असतो. मागणारा देश यजमानाला सांगतो, तुमच्या अमुक प्रकरणात आम्ही पडणार नाही. ते प्रकरण म्हणजे कोणीतरी माणसं असतात, आणि ती त्या खोलीत नसतात. धावपट्टीच्या भाड्यातला सगळ्यांत मोठा हिस्सा अनेकदा अशा गैरहजर माणसांच्या खिशातून जातो. गोवेकर हे त्यांतले होते.

आता १९४३ कडे येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि पोर्तुगाल तटस्थ होता. सालाझार हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक १९३२ पासून पंतप्रधान होता आणि परराष्ट्र खातंही स्वतःकडेच ठेवून होता. तोफेच्या पोलादाला लागणारं वुल्फ्राम खनिज तो जर्मनीलाही विकत होता आणि ब्रिटनलाही. अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची जहाजं बुडवत होत्या, कारण किनाऱ्यावरून उडणारी विमानं तिथवर पुरी पडत नव्हती. अझोर्समधून ती पडली असती. १९४३ च्या मे महिन्यात ही बेटं सरळ बळाने घ्यावीत असा विचार चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या पातळीवर झाला होता. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांनी आग्रह धरला की आधी मागून तरी पाहू.

मागताना ब्रिटनने काय काढलं, तर १३७३ सालचा तह! इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड आणि पोर्तुगालचा राजा फर्नांदो यांच्यातला मैत्रीचा तह पावणेसहाशे वर्षांनी कपाटातून बाहेर आला. यात विनोद कमी आणि मुत्सद्देगिरी जास्त होती. तटस्थ देशाने युद्धातल्या एका बाजूला विमानतळ देणं हा तटस्थतेचा भंग. पण जुन्या मित्राला दिलेला शब्द पाळणं, ही वेगळी गोष्ट. सालाझारला जर्मनीपुढे दाखवायला आडोसा हवा होता आणि ब्रिटनने तो चौदाव्या शतकातून आणून दिला. १७ ऑगस्ट १९४३ ला करार झाला, ८ ऑक्टोबरला ब्रिटिश तुकड्या तेर्सेइरावर उतरल्या आणि १२ तारखेला चर्चिल यांनी कॉमन्स सभागृहात तो तह वाचून दाखवला. तोवर पाणबुड्यांचा कहर ओसरू लागला होता. कोण जिंकणार याचा अंदाज आल्यावर सालाझारने हो म्हटलं. असा होकार उशिरा दिला तरी किंमत पुरेपूर वसूल करता येते, हे त्याला कळत होतं. ब्रिटनकडून त्याने पोर्तुगीज वसाहतींच्या सुरक्षिततेची हमी घेतली.

मग अमेरिका आली. या भागाकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण वाटाघाटी प्रत्यक्षात कशा विस्कळीत असतात ते इथे दिसतं.

लिस्बनमधला अमेरिकन वकील त्या जुलैत वारला होता आणि वकिलातीचा कारभार जॉर्ज केनन या तरुण अधिकाऱ्याकडे आला होता. पुढे शीतयुद्धातल्या अमेरिकन धोरणाचा शिल्पकार म्हणून जग ज्याला ओळखू लागलं, तोच हा केनन. त्याला वॉशिंग्टनहून आधी हुकूम आला की सालाझारला भेटून सांग, अमेरिका सर्व पोर्तुगीज वसाहतींमधलं पोर्तुगालचं सार्वभौमत्व मानेल. त्याने भेटीची वेळ मागितली. भेट ठरली आणि ऐन वेळी तार आली की ती हमी देऊ नकोस. सालाझारसमोर जाऊन बसलेल्या केननकडे बोलायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने दोन्ही देशांच्या संबंधांवर सर्वसाधारण गप्पा मारून वेळ निभावून नेली. पाठोपाठ नवा हुकूम: बेटांवर आम्हाला काय काय हवं ते माग. सोबतची यादी लांबलचक होती. आरमारी तळ, विमानतळ, दळणवळणाच्या सोयी, सगळं त्यात होतं.

केननने हिशेब मांडला. कालपर्यंत हमी द्यायलाही तयार नसलेला देश आज निम्मी बेटं मागतो आहे, असं सालाझारला वाटलं तर तो ब्रिटिशांना दिलेलंही परत घेईल. ऑक्टोबरच्या अखेरीस ती हमी अखेर लेखी पोहोचवली गेली, पण यादीचं काय? त्यासाठी केनन अमेरिकेला गेला. पेंटागॉनमधल्या बैठकीत युद्धमंत्री आणि सेनाधिकारी होते. या कनिष्ठ माणसाच्या शंका ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हतं आणि त्याची बोळवण झाली. तो तिथे थांबला नाही. रूझवेल्ट यांचे निकटचे सल्लागार अॅडमिरल लीही आणि हॉपकिन्स यांच्यामार्फत थेट त्यांच्यापर्यंत पोहोचला. रूझवेल्ट यांनी सालाझारला पत्र लिहून दिलं. पहिल्या महायुद्धात अझोर्समध्ये अमेरिकन आरमाराचा तळ होता, युद्ध संपल्यावर तो मोडून जागा पोर्तुगालला परत करण्याचं काम आपण स्वतः आरमार खात्याचे उपमंत्री असताना पाहिलं होतं, अशी आठवण त्यात होती. म्हणजे, आम्ही आलो तर जातोही. विमानतळ देणाऱ्याला सगळ्यांत मोठी भीती पाहुणा न जाण्याची असते. पत्राने नेमकी तिला हात घातला.

पुढचं जमत गेलं. लाजेसवर अमेरिकन आधी ब्रिटिशांच्या आडोशाने आले. सांता मारिया बेटावर नवा विमानतळ पॅन अमेरिकन या खाजगी कंपनीच्या नावाखाली बांधायला घेतला गेला आणि २८ नोव्हेंबर १९४४ ला त्याचा करार झाला. त्या वेळी सालाझारने किंमत सांगितली ती तिमोरची. जपानने घेतलेलं पोर्तुगीज तिमोर सोडवण्याच्या मोहिमेत आम्हालाही भाग हवा, म्हणजे युद्धानंतर ती वसाहत आमच्याकडेच परत येईल. विमानतळ अटलांटिकमधला आणि मोबदला आशियातला.

केननमार्फत गेलेल्या त्या हमीत सर्व पोर्तुगीज वसाहती होत्या. म्हणजे अंगोला, मोझांबिक, तिमोर आणि त्याचबरोबर गोवा, दमण, दीव. वाक्य एक, पण त्यात मांडवी आणि जुवारी नद्यांच्या काठची सगळी गावं आली. ती हमी देताना या गावांचा विचार वॉशिंग्टनमध्ये कोणी केला असेल असं मला वाटत नाही, आणि हीच खरी तक्रार आहे. तीन वर्षांनी, १८ जून १९४६ ला, डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले. ज्या राज्याविरुद्ध ते बोलत होते, त्याच्या वसाहतींची हमी एका महासत्तेने विमानतळाच्या बदल्यात आधीच देऊन ठेवली होती.

युद्ध संपलं. पाहुणे जायचे होते, पण शीतयुद्ध सुरू झालं आणि ते राहिले. १९४९ मध्ये पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद झाला. हुकूमशाही राजवट लोकशाही देशांच्या आघाडीत सन्मानाने बसली, त्यात अझोर्सचा वाटा मोठा होता. १९५१ मध्ये लाजेसचा नवा करार झाला आणि १९५७ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर १९६२ पर्यंत वाढली. ही तारीख लक्षात ठेवा.

मधल्या काळात इकडे काय चाललं होतं? १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही सीमेवरून आत गेले, गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मारली गेली. नोव्हेंबरात बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले आणि त्यांनी गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू उचलून धरली. २ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांचं संयुक्त पत्रक निघालं. रशियन नेत्यांवर टीका करताना त्यात गोव्याचा उल्लेख पूर्वेकडचे पोर्तुगीज ‘प्रांत’ असा आला. वसाहत म्हटलं की ती कधीतरी सुटते, प्रांत म्हटलं की विषय संपला. सालाझारच्या कायद्याची भाषा अमेरिकेने जशीच्या तशी उचलली. भारतात संतापाची लाट उसळली.

हे सगळं लाजेसमुळेच झालं असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. डलेस यांना नेहरूंची अलिप्तता मुळातच मानवत नव्हती. रशियाने एक बाजू घेतली की अमेरिकेने दुसरी घ्यायची, हा त्या काळाचा रिवाज होता. पण अशी चार कारणं एकत्र येतात तेव्हा विमानतळ हे पारड्यातलं शेवटचं वजन ठरतं. अधिकारी म्हणतो, एरवी आपण दोन शब्द सुनावले असते, पण पुढच्या वर्षी मुदतवाढ घ्यायची आहे. आणि ते दोन शब्द राहून जातात. असे न बोललेले शब्द इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब कठीण.

डिसेंबर १९६१ मध्ये मात्र डाव उलटला. दुसऱ्यांना विमानतळ देऊन किंमत वसूल करणाऱ्या पोर्तुगालवर स्वतः दुसऱ्यांचे विमानतळ मागायची पाळी आली.

भारताच्या नाकेबंदीमुळे पोर्तुगालने पन्नाशीच्या दशकात दाबोळीला विमानतळ बांधला होता आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताची स्वतंत्र विमानकंपनीही काढली होती. पण लिस्बनहून निघालेलं विमान दाबोळीपर्यंत एका दमात येऊ शकत नव्हतं. मध्ये कोणाच्या तरी धावपट्टीवर टेकणं भाग होतं. बेळगाव आणि सावंतवाडीकडे भारतीय फौजा जमू लागल्या तेव्हा पोर्तुगालने जुन्या मित्राकडे, ब्रिटनकडे, वाटेवरचे विमानतळ वापरायची परवानगी मागितली. १३७३ चा तोच तह. ब्रिटनला आता राष्ट्रकुलातल्या भारताशी वैर नको होतं. उत्तराला उशीर लागला. जानेवारी १९६२ मध्ये सालाझारने राष्ट्रीय सभेपुढच्या भाषणात तक्रार केली की ब्रिटनने होकार-नकार कळवण्यात आठवडा घालवला, नाहीतर दुसरा मार्ग शोधून कुमक पाठवता आली असती.

इतरांनीही दारं लावली. रणगाडाविरोधी ग्रेनेड गोव्याला पोहोचवायचे होते. लष्करी विमानांना वाटेत उतरायला जागा मिळेना, म्हणून ते काम एका नागरी कॉन्स्टेलेशन विमानाकडे दिलं. पाकिस्तानने कराचीवरून शस्त्रं न्यायला मनाई केली. १७ डिसेंबरच्या संध्याकाळी ते विमान दाबोळीला उतरलं तेव्हा त्यात ग्रेनेड नव्हते. होत्या त्या सॉसेजच्या पाच-सहा पिशव्या आणि पोर्तुगीज कुटुंबांना बाहेर काढण्याच्या कामात मदतीसाठी आलेलं महिला छत्रीधाऱ्यांचं पथक. दुसऱ्या दिवशी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. रात्रीत तिची डागडुजी करून उरलेली दोन विमानं अंधारात कराचीकडे निसटली. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. ग्रेनेड पोहोचले असते तर गोवा वाचला असता असं कोणी म्हणणार नाही. भारताचं बळ कितीतरी मोठं होतं. पण एक गोष्ट यातून दिसली: विमानतळ नाकारणारा देश एकही गोळी न झाडता युद्धात उतरलेला असतो.

सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कठोर टीका केली. युद्धबंदी आणि सैन्य माघारीचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. स्टीव्हन्सन यांचा आक्षेप बळाच्या वापराला होता आणि तो प्रामाणिक होता. पण त्याच अमेरिकेने १५ मार्च १९६१ ला, अंगोलाच्या प्रश्नावर, पोर्तुगालविरुद्ध मत दिलं होतं. केनेडी नवे होते आणि आफ्रिकेच्या स्वातंत्र्याबद्दल आस्था दाखवत होते. लिस्बन खवळलं. आता ती तारीख आठवा. लाजेसचा करार संपायला गोवा मुक्त झाला त्या दिवशी एक वर्ष आणि काही दिवस उरले होते.

३१ डिसेंबर १९६२ ला करार संपला. सालाझारने तो वाढवला नाही आणि अमेरिकनांना जायलाही सांगितलं नाही. जुन्या चाळीतला घरमालक करारपत्राचं नाव काढत नाही, भाडेकरूला राहू देतो, आणि भाडेकरू मात्र रोज जिना चढताना त्याला नमस्कार करतो, त्यातली ही गत. लेखी करार असता तर अमेरिकेला ठरलेल्या तारखेपर्यंत निश्चिंत राहता आलं असतं. तो नसल्यामुळे प्रत्येक मतदानाआधी तेर्सेइराचा विचार करणं आलं. परिणाम दिसला. पोर्तुगालविरुद्धच्या कडक ठरावांवर अमेरिकेची भाषा मवाळ झाली आणि काही ठरावांना तिने विरोधही केला. केनेडी यांच्या कारकिर्दीत आफ्रिका खात्याचे लोक आणि लष्करी मुख्यालय यांच्यात याच मुद्द्यावर खडाजंगी चालत असे, आणि शेवटी बहुधा धावपट्टीच जिंकत असे. वाटाघाटी न करणं हीसुद्धा वाटाघाटच असते, हे सालाझारने दाखवलं.

लेखी करार नऊ वर्षांनी झाला, ९ डिसेंबर १९७१ ला. सालाझारनंतर काएतानो सत्तेवर आले होते. मोबदल्यात अन्नधान्याची उधारी, अमेरिकन निर्यात बँकेकडून मोठ्या रकमेच्या कर्जाची तयारी, शिक्षणासाठी मदत आणि सागरसंशोधनाचं एक जहाज, अशी भरगच्च यादी होती. हा करार सिनेटकडे तह म्हणून का आणला नाही, असं विचारत सिनेटर केस यांनी ठराव आणला. करारानंतर चारच दिवसांनी निक्सन आणि फ्रान्सचे पाँपिदू यांची शिखरभेट तेर्सेइरावरच झाली आणि यजमान म्हणून काएतानो मिरवले. भारतीय श्रोत्यांना ती भेट आठवायला आणखी एक कारण आहे. बांगलादेशचं युद्ध ऐन भरात होतं. १४ डिसेंबरला अझोर्सहून परतताना विमानात किसिंजर यांनी पत्रकारांना सूचित केलं की रशियाने भारताला आवरलं नाही, तर मॉस्कोच्या नियोजित भेटीचा फेरविचार होईल. दोन दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये लाजेसची खरी कसोटी लागली. इजिप्त आणि सीरियाशी लढणाऱ्या इस्राएलला अमेरिकेला हवाईमार्गे शस्त्रं पोहोचवायची होती. अरब तेलाच्या धाकाने पश्चिम युरोपातल्या मित्रांनी आपले विमानतळ आणि आकाश देण्याचं टाळलं. उरला पोर्तुगाल. काएतानो यांना बदल्यात आफ्रिकेतल्या युद्धांसाठी शस्त्रं आणि राजकीय पाठिंबा हवा होता. निक्सन यांनी सौदा न करता निर्वाणीचं पत्र पाठवलं आणि लिस्बनने मान तुकवली. त्यानंतर महिनाभर सी-५ आणि सी-१४१ ही अवजड विमानं लाजेसला इंधन भरून, जिब्राल्टरवरून, कोणाच्याही जमिनीवरून न जाता, भूमध्य समुद्राच्या मध्यरेषेने इस्राएलला जात राहिली. ५६७ फेऱ्या, सुमारे २२,३०० टन सामान. पोर्तुगालच्या पदरात काय पडलं? अरब देशांचा तेलबहिष्कार. आणि सहाच महिन्यांनी, २५ एप्रिल १९७४ ला, वसाहतींच्या न संपणाऱ्या युद्धांना कंटाळलेल्या त्यांच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तहावर सही करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. ज्या हमीवर सालाझारने एवढी भिस्त ठेवली, तिने वसाहती वाचवल्या नाहीत. तिने त्यांची सुटका लांबवली, आणि लांबलेल्या प्रत्येक वर्षाला माणसं तुरुंगात गेली, मेली.

हे फक्त पोर्तुगालचं नाही. हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया १९६६ मध्ये ब्रिटनने अमेरिकेला तळासाठी दिलं. भाडं शून्य दाखवलं, पण पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत ब्रिटनला एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट गुपचूप मिळाली. आणि त्या द्वीपसमूहावरची सगळी वस्ती उठवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकली. दुसरीकडे तुर्कस्तान पाहा. १ मार्च २००३ ला इराकवरच्या स्वारीसाठी अमेरिकन फौजांना वाट द्यायची की नाही, यावर तिथल्या संसदेत मतदान झालं. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त असूनही आवश्यक बहुमत भरलं नाही आणि ठराव पडला. फक्त सरकारच्या पातळीवर ठरलं असतं तर निकाल बहुधा वेगळा लागला असता.

आता आपल्याकडे येऊ. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धासाठी निघालेल्या अमेरिकन लष्करी मालवाहू विमानांना भारतात इंधन भरू दिलं जात होतं. त्यांतली काही विमानं आपल्या मुंबईत सहारला उतरत होती. चंद्रशेखर यांचं सरकार अल्पमतातलं होतं. ही गोष्ट उघड झाल्यावर काँग्रेसने काहूर माजवलं आणि फेब्रुवारीत ती सोय बंद झाली. तेव्हा देश कर्जात बुडालेला होता, परकीय चलन संपत आलेलं होतं आणि नाणेनिधीच्या दारात उभं राहायचं होतं. इंधन भरण्याचा निर्णय बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण अलिप्ततेच्या धोरणात एवढा मोठा फरक लोकांना विमानाच्या शेपटीवरच्या खुणेवरून कळावा, हे बरोबर नव्हतं.

२५ वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१६ ला, भारताने अमेरिकेशी परस्परांना इंधन आणि रसद पुरवण्याचा करार केला. सही करणारे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर होते, गोव्याचे. हा तळ देण्याचा करार नाही, प्रत्येक वेळी स्वतंत्र संमती लागेल आणि खर्चाची भरपाई होईल, असं सरकारने स्पष्ट केलं. कलमं विचारपूर्वक घातलेली आहेत, ते मान्य केलं पाहिजे. तरीही संसदेत मतदान झालं नाही. होण्याची गरजच नव्हती. आपल्या राज्यघटनेनुसार असे करार करणं हा सरकारचा कार्यकारी अधिकार आहे आणि त्यांना संसदेची मान्यता लागत नाही.

आणि आता आपणही मागणारे झालो आहोत. ताजिकिस्तानातल्या आयनी विमानतळावर भारताने मोठा खर्च केला. तिथली व्यवस्था २०२२ मध्ये संपली आणि ते सर्वांना कळलं २०२५ मध्ये. मॉरिशसच्या आगालेगा बेटावर आपण तीन किलोमीटरची धावपट्टी बांधून दिली आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. त्या बेटावर जेमतेम तीनशे माणसं राहतात. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाजही आहे, त्यामुळे ही चर्चा आपल्याला परकी वाटू नये. सेशेल्समध्ये अझम्पशन बेटावरच्या सोयींचा करार २०१५ मध्ये झाला आणि २०१८ च्या जानेवारीत सुधारून पुन्हा झाला. तिथल्या लोकांनी रस्त्यावर निदर्शनं केली, विरोधी पक्षाच्या ताब्यातल्या राष्ट्रीय सभेने मान्यता देणार नाही असं सांगितलं आणि तो करार अडला. तेव्हा आपल्याकडे काहींना तो भारताचा अपमान वाटला. मला वाटतं, लाखभर लोकसंख्येच्या त्या देशाने नेमकं तेच केलं जे १९४३ मध्ये गोवेकरांना करता आलं असतं, तर त्यांनी केलं असतं. ज्यांची जमीन आहे त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी नाही म्हटलं.

याचा अर्थ भारताने परदेशी विमानतळ मागूच नयेत असा मी काढत नाही. एवढा मोठा समुद्र राखायचा तर दूरच्या धावपट्ट्या लागतात. नौदलाच्या गस्ती विमानाला कुठेतरी टेकावं लागतं, आणि वादळात किंवा भूकंपात मदत नेणाऱ्या विमानालाही. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, असा प्रत्येक करार, आपण देत असू तेव्हा आणि घेत असू तेव्हाही, संसदेपुढे ठेवला जावा. नकाशातली गुपितं राखून ठेवा, पण मुदत, संमतीची पद्धत आणि मोबदला हे तीन कागद खासदारांना दिसलेच पाहिजेत. सैनिकी हालचाल गुप्त ठेवायला कोणाची हरकत नसते. हरकत आहे ती राजकीय किंमत गुप्त ठेवायला. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. उद्या एखाद्या यजमान देशात निवडणुका बुडवल्या गेल्या, एखाद्या समाजावर गोळ्या चालल्या, आणि दिल्लीतून निषेधाचे दोन शब्द येईनात, तर आपण विचारलं पाहिजे की तिथे आपली धावपट्टी आहे का.

हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला कुठून येतो? तो ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्यांच्याकडून येतो. १९५५ साली नानासाहेब तुरुंगात असताना वॉशिंग्टनमधल्या एखाद्या वर्तमानपत्राने किंवा एखाद्या सिनेटरने हाच प्रश्न आपल्या सरकारला विचारावा, अशी त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची रास्त अपेक्षा असती. ती तेव्हा फारशी पुरी झाली नाही. आज प्रश्न विचारणाऱ्यांच्या जागी आपण आहोत, आणि उत्तर देणारं सरकार आपलं आहे. गैरसोय होईल. कधी एखादी धावपट्टी हातची जाईल. गोव्याच्या माणसांनी दुसऱ्यांच्या सोयीसाठी अठरा वर्षं जे भाडं भरलं, त्यापुढे ती किंमत फार नाही.